एवजी कोण होता ते आधी बघा

नागपूर, रविवार, दुपार

कूलरची घरघर, टेबलावर जुन्या मुंबई बंदराच्या आस्थापना-याद्यांच्या (कोण कुठल्या जागेवर, किती पगारावर) झेरॉक्स. समुद्र इथून आठशे किलोमीटरवर, पण विदर्भाच्या कापसाच्या गाठी जायच्या त्याच गोदीतून.

गोदीत कुणी किती खाल्लं हे शोधायला माणूस आधी हिशेबाच्या वह्या उघडतो. त्या जुळतात, जुळवायलाच तर कारकून ठेवलेला असतो. आस्थापनेची यादी जास्त बोलते.

एक घोळ मात्र नेहमी होतो. पोर्ट ट्रस्ट (बंदर चालवणारं मंडळ, स्थापना १८७३) धक्काभाडं आणि डेमरेज, म्हणजे मुदतीनंतर माल पडून राहिल्याचा आकार, घ्यायचा. आयातीवरचं शुल्क १८७८ च्या सागरी जकात कायद्याखाली सरकारचं कस्टम खातं घ्यायचं. माल एकच, साहेब दोन, आणि हात ओले करायच्या जागाही वेगळ्या. कस्टमात किंमत ठरवणारा अप्रेझर: १८९४ नंतर सर्वसाधारण दर ५ टक्के, म्हणजे १०,००० चा माल ८,००० ला धरला की ५०० ऐवजी ४०० भरून सुटका. पोर्टात खेळ तारखेचा. माल फुकट मुदत उलटल्यावर उचलायचा, नोंद मुदतीतली करायची, डेमरेज गायब.

अशा टेबलावर माणूस बसवायचा कसा? कायम नेमणुकीचा कागद वरपर्यंत जातो, चार नजरा पडतात. एवजीकडे, म्हणजे रजेवरच्याच्या जागी बसवलेल्या बदली माणसाकडे, कोण बघतो! हेडक्लार्क सहा महिने रजेवर गेला की खालचा वर सरकतो, त्याच्या जागी त्याच्या खालचा, आणि तळाशी एखादा उमेदवार आत येतो. उमेदवार म्हणजे जागा रिकामी होईल या आशेवर बिनपगारी राबणारा. अशी वर्षं काढलेला माणूस कुणाच्या तरी उपकाराखाली असायचाच. दस्तुरीची, म्हणजे वरकमाईची, सवय पगाराआधी लागायची.

रजेचा अर्ज, एवजीचा हुकूम आणि पगारबिल शेजारी-शेजारी ठेवावं. हुकूम अर्जाच्या आधीचा असेल तर खूण करावी. कायम जागा रेकॉर्डच्या टेबलावर, पण दरवेळी एवजी मात्र वजनकाट्यावरच, अशा नावावर दुसरी. आणि बढती नाकारून कमी पगाराच्या टेबलाला चिकटलेला दिसला, तर त्याची पूर्ण सेवानोंद काढावी. याहून बोलका पुरावा कागदावर क्वचितच मिळतो.

रोजंदारीचं मस्टर (हजेरीपट) वेगळं. ते मुकादमाच्या हातात. भर पावसाळ्यात महिनाभर चाळीसच्या चाळीस हजर, एकही खाडा नाही? त्यातली काही नावं जेवतही नसतील.

पण १८९६ ची यादी जपून वाचावी. त्या सप्टेंबरात प्लेग आला तो गोदीला लागून असलेल्या मांडवीत. माणसं पळाली, मेली. एवजीच्या साखळ्या लांबल्या त्या भीतीने. तिथे वशिला शोधणं म्हणजे मेलेल्यांवर आळ घेणं.

संशयापुढे मात्र गाडं अडतं, कारण देणाराही गुन्हेगार ठरतो. क्रॉफर्ड मार्केट ज्याच्या नावाचं, तो क्रॉफर्ड मध्य विभागाचा कमिशनर असताना नेमणुका-बदल्यांचे पैसे खातो असा आरोप झाला. १८८८ च्या चौकशीत माफीचं आश्वासन मिळाल्यावरच मामलेदारांची तोंडं उघडली. तरी लाचेचा आरोप टिकला नाही. हाताखालच्यांकडून कर्ज घेतलं एवढ्यावरच साहेबाची नोकरी गेली. आणि पैसे दिल्याचं कबूल करणारे खुर्चीत राहिले कसे, म्हणून गदारोळ उठला तो वेगळाच.