डोळा लागता लागता

पहाटे साडेचारचा गजर, दहा मिनिटं जाग, मग पुन्हा पाठीवर पडायचं आणि मन जागं ठेवून शरीराला झोपू द्यायचं. ल्युसिड ड्रीमसाठी, म्हणजे स्वप्नात असतानाच ‘हे स्वप्न आहे’ हे कळावं म्हणून, मी ही पद्धत धरली. गजर, श्वास मोजणं वगैरे दोन आठवड्यांत अंगवळणी पडलं. घोडं अडलं ते डोळ्यांपाशी, आणि चांगले तीन महिने अडलं.

हातपाय जड व्हायचे आणि नेमकी तेव्हाच पापण्यांची फडफड सुरू. बुबुळं आतल्या आत इकडून तिकडे. मी डोळे घट्ट मिटून धरायचो, की भुवयांमध्ये ठणका आणि झोप गायब. सैल सोडले, की पापणी किलकिली होऊन खिडकीतला उजेड आत. आईला सांगितलं तर म्हणाली, “उजवा लवतो का डावा? उजवा असेल तर चांगलं असतं.”

चूक माझ्या अर्धवट वाचनाची होती. १९५३ साली शिकागोत ॲसरिन्स्की आणि क्लाइटमन या झोपेच्या अभ्यासकांनी झोपेतली डोळ्यांची जलद हालचाल जगापुढे मांडली. ठळक स्वप्नं जास्त करून त्याच झोपेत पडतात. एवढं डोक्यात बसलं होतं. त्यामुळे बुबुळ हललं रे हललं, की ‘आलं स्वप्न!’ म्हणून मी टक लावून बघायला जायचो. पण झोपेच्या उंबरठ्यावर डोळे आधी सावकाश, झोका घेतल्यासारखे फिरतात. तो डोळा लागत असतो, बाकी काही नाही. आणि मी रोज पहाटे उठून तोच मोडत होतो! संताप येतो तो ‘डोळे स्थिर ठेवा’ एवढंच सांगून मोकळं होणाऱ्यांचा. फिरतात तर फिरू द्या की.

मला उपयोग झाला तो जुन्या सुती पंचाच्या घडीचा. डोळ्यांवर नुसती टेकवायची, दाबायची नाही. लक्ष न्यायचं टाचांवर. ठिपके, चेहरे दिसू लागले तरी त्यांच्याकडे वळून बघायचं नाही. मी बघायला गेलो की ते विरायचे. हां, आणि रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या हा खटाटोप नको, स्वप्नांची झोप पहाटेकडे लांबते. कामाच्या दिवशीही नको. मी मीटिंगमध्ये पेंगलोय.

शेवटी एका रविवारी जमलं. आजोळच्या वाड्याचा जिना चढत होतो आणि तो संपेचना. तो वाडा तर कधीच पडलाय. म्हणजे हे स्वप्न! १९७५ मध्ये इंग्लंडात हल विद्यापीठात ॲलन वर्सली यांनी स्वप्नातून डोळे डावी-उजवीकडे फिरवून खूण दिली होती आणि संशोधक कीथ हर्न यांच्या, डोळ्यांची हालचाल टिपणाऱ्या यंत्रावर ती उमटली होती. स्वप्नांच्या झोपेत बाकीचं अंग लुळं पडतं, डोळे तेवढे हलतात. मीही जिन्यात उभा राहून फिरवले: डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे.

नोंद घ्यायला कोणी नव्हतं. बायको शेजारीच होती, पण ती घोरत होती.