ल्युपसमधले तोंडाचे व्रण : माझा अनुभव

ल्युपसचे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याच्या आजाराचे, निदान होण्याच्या आधीपासूनच मला वरचेवर तोंड येत असे, आणि आमच्या सांगलीच्या घरात त्याचे कारण ठरलेले होते : अंगात उष्णता वाढली. सासूबाई जाईचा पाला चघळायला देत, गुलकंद आणि सब्जा सुरू होई, औषधांच्या दुकानातून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या येत. या उपायांना मी नावे ठेवणार नाही, कारण साधे तोंड आले असेल तर ते आठवड्या-दीड आठवड्यात बरे होतेच, मग श्रेय जाईला द्या नाहीतर गुलकंदाला. पुढे सकाळी बोटांचे सांधे सुजून धरू लागले, उन्हात गेले की गालांवर आणि नाकावर पुरळ उठू लागले, आणि मला संधिवाततज्ज्ञांकडे पाठवण्यात आले.

त्यांनी बॅटरीच्या उजेडात टाळू तपासला, तेव्हा तिथे एक लालसर, उथळ व्रण निघाला. मला त्याचा पत्ताच नव्हता, कारण तो दुखत नव्हता. ल्युपसचे व्रण पुष्कळदा टाळूच्या कठीण भागावर येतात आणि मुळीच दुखत नाहीत, त्यामुळे रुग्णाला ते कळत नाहीत आणि डॉक्टरांनी मुद्दाम पाहिल्यावाचून सापडत नाहीत. ल्युपस ठरवण्याच्या २०१९ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत एएनए चाचणी (स्वतःच्याच पेशींवर उलटलेली प्रतिपिंडे शोधणारी रक्ताची चाचणी) सकारात्मक असल्यावर एकूण १० गुण लागतात; सांध्यांना ६, गालांवरच्या पुरळाला ६ आणि तोंडातल्या व्रणांना २. मात्र त्वचेच्या आणि तोंडाच्या लक्षणांपैकी सर्वांत जास्त गुणांचे एकच धरतात, म्हणून माझ्या व्रणाचे गुण हिशेबात आलेच नाहीत. तरीही पुढच्या काळात मला सर्वांत जास्त व्यवहार करावा लागला तो तोंडाशीच.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे ल्युपसवरचे नेहमीचे औषध सुरू झाल्यावर काही महिन्यांत टाळूचे व्रण कमी झाले. नंतर सांध्यांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायचे मेथोट्रेक्सेट आले आणि तोंड पुन्हा आले, पण या वेळी जिभेच्या कडांना आणि गालांच्या आतून, आणि झोंबणारे. हे औषध शरीरातल्या फोलेटच्या (ब गटातल्या एका जीवनसत्त्वाच्या) कामात अडथळा आणते, आणि तोंडाच्या आतले अस्तर सतत नवे होत असल्यामुळे त्याचा फटका तिथे लवकर दिसतो. डॉक्टरांनी फॉलिक ॲसिडची मात्रा वाढवली आणि बजावले, की तोंड येण्याबरोबर ताप किंवा घसादुखी असेल तर वाट न पाहता त्याच दिवशी रक्त तपासायचे, कारण पांढऱ्या पेशी घटल्याची ती खूण असू शकते.

तिसरा प्रकार स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असताना आला. जिभेवर दह्याच्या कवडीसारखा पांढरा थर होता, आणि तो पुसला की खाली लाल, हुळहुळी जागा दिसे. ती बुरशी होती. तिला क्लोट्रिमॅझोलचे तोंडात लावायचे बुरशीनाशक औषध लागते, आणि व्रणांवर लावतो ते स्टेरॉइडचे मलम तिथे लावले तर बुरशी उलट फोफावते. म्हणूनच प्रत्येक वेळी तोंड आल्यावर घरातले उरलेले मलम काढणे मला धोक्याचे वाटते. जागा कोणती, दुखते की नाही, थर पुसला जातो का, आणि त्या आठवड्यात कोणते औषध बदलले, एवढे मी वहीत टिपते आणि डॉक्टरांना तेच वाचून दाखवते.

मलम लावण्याचीही रीत आहे. ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडचे तोंडात लावायचे मलम रात्री दात घासून झाल्यावर, व्रणाची जागा स्वच्छ कापडाने टिपून कोरडी करून, चोळायचे नाही, नुसते ठेवायचे; ओल्या जागेवर ते टिकत नाही. जेवण अशक्य होई तेव्हा बेंझिडामीन या वेदनाशामक औषधाच्या गुळण्या जेवणाआधी करत असे. क्लोरहेक्सिडीनच्या जंतुनाशक गुळण्यांनी दातांवर तपकिरी डाग पडतात, म्हणून त्या थोडेच दिवस. एरवी कोमट पाण्यात मीठ. सोडियम लॉरिल सल्फेट हे फेस आणणारे रसायन नसलेली टूथपेस्ट घेतल्यावर मला फरक जाणवला, सर्वांना जाणवेलच असे नाही.

खाण्याचे खरे दुखणे आमच्या भागात आहे, कारण कांदालसूण मसाल्यावाचून आमटी होत नाही. त्या दिवसांत माझ्यासाठी मऊ भात, तूप, मुगाचे बिनतिखट वरण आणि दुधातले नाचणीचे सत्त्व वेगळे काढले जाई. भाकरी दुधात कुस्करून खाई. गुळवेल मात्र कितीही आग्रह झाला तरी घेतला नाही. प्रतिकारशक्तीच स्वतःवर उलटलेल्या आजारात तिला चेतवणारे काहीही नको, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते.

गेल्या वर्षी गालाच्या आत पांढऱ्या रेषांनी वेढलेला एक व्रण दोन आठवड्यांनंतरही बुजेना. दंतवैद्यांनी तंबाखू आणि मिश्रीबद्दल विचारले, घासणाऱ्या दाढेची टोकदार कड घासून दिली, आणि तरीही तो तसाच राहिल्यावर बायोप्सीला पाठवले. जागा बधिर करून तुकडा काढण्यापेक्षा अहवालाची वाट पाहणे जड गेले. निदान ल्युपसचेच आले. आता दर सहा महिन्यांनी दंतवैद्य तीच जागा पुन्हा पाहतात, आणि उन्हात निघताना टोपीबरोबर ओठांनाही सनस्क्रीन लावते.