कपाटातली हार्ड डिस्क

"सर, दाखल्याची फाइलच उघडून नाही राहिली."

शाळेतल्या बाबूंचा फोन आला तेव्हा मी नागपुरात, बर्डीच्या बाजारात केबल घेत होतो. जूनचा शेवट, विदर्भातल्या शाळा नुकत्याच उघडलेल्या. काही सरकारी शाळांचे संगणक मी सांभाळतो, त्यातलीच ही एक.

पोचलो तर फायलींच्या नावांना अनोळखी शेपटं लागलेली आणि पडद्यावर इंग्रजीत खंडणीची चिठ्ठी: फायलींना कुलूप घातलंय, किल्ली हवी तर पैसे भरा. आधी लॅनची केबल उपटली, राउटर बंद केला. लॅबमधली मशीन वाचली, कार्यालयातलं गेलं. त्यावर अजून विंडोज ७ होतं. मायक्रोसॉफ्टने त्याच्या सुरक्षा दुरुस्त्या जानेवारी २०२० मध्येच थांबवल्या आहेत. टायपिंगचं एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवलेलं दिसलं, बहुधा त्यातूनच हे आत शिरलं. बाबूंना दोष द्यायला माझं मन होत नाही. शाळेत नेट आलं, पण काय उतरवायचं नाही हे त्यांना कुणी बसवून सांगितलं नव्हतं. मीही नाही.

खरा धसका बसला तो आत काय होतं ते कळल्यावर. शिष्यवृत्तीसाठी गोळा केलेले मुलांचे आधार क्रमांक, आईबापांची बँक खाती, जातीचे दाखले. अशा टोळ्या पुष्कळदा कुलूप घालण्याआधी प्रत चोरून नेतात. पैसे दिले तरी किल्ली मिळेल याची हमी नसते, हे मुख्याध्यापिकाबाईंना लगेच पटलं. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार केली, सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवलं. त्यांच्या २०२२ च्या निर्देशांत असा प्रकार कळवायला ६ तासांची मुदत आहे.

मग बाईंनी अनुदानाची फाइल काढली. समग्र शिक्षा योजनेत संगणक प्रयोगशाळेला सुरुवातीला ६.४० लाखांपर्यंत आणि पुढे ५ वर्षं दरसाल २.४० लाखांपर्यंत रक्कम मिळते. या लॅबची ५ वर्षं संपली होती. उरलं संयुक्त शाळा अनुदान. १०१ ते २५० पटाच्या शाळेला वर्षाला ५० हजार, त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर. वीजबिल, नळदुरुस्ती, खडू, सगळं त्यातच. बॅकअपला पैसे काढायचे कुठून?

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ग्रामीण भागातल्या सरकारी माध्यमिक शाळांना भारतनेट या गावोगावी इंटरनेट नेणाऱ्या सरकारी प्रकल्पातून ब्रॉडबँड देण्याची घोषणा झाली. मला तिचा आनंदच आहे. पण प्रत्येक जोडणीबरोबर बॅकअप, दुरुस्त्या आणि बाबूंच्या प्रशिक्षणाची रक्कम वेगळी बांधून यायला हवी. खडूच्या पैशांतून ती निघत नाही.

मार्चमधली एक प्रत बाईंच्या पेनड्राइव्हवर सापडली. त्यानंतरच्या नोंदी जनरल रजिस्टरवरून पुन्हा भरायला घेतल्या. व्हरांड्यात एक आई आठवी झालेल्या मुलीला घेऊन सकाळपासून बसली होती. बाबूंनी तिचा दाखला हाताने लिहून दिला, दोनदा रजिस्टरशी ताडून.

हार्ड डिस्कचे पैसे बाईंनी स्वतःच्या पर्समधून दिले. मी पुन्हा बर्डीला जाऊन ती आणली. लॅबमधल्या एका मशीनवर सगळं उतरवून प्रत पूर्ण व्हायला संध्याकाळचे सात वाजले. बाबू तोवर थांबले होते. डिस्क काढून त्यांनीच लोखंडी कपाटात, जनरल रजिस्टरच्या शेजारी ठेवली.