आमची वाटचाल : एक लेथ, चार सीएनसी आणि मधे गेलेले अडीच लाख

२००९ साली कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात छोटासा गाळा भाड्याने घेऊन एक जुनी लेथ टाकली, मी आणि माझा धाकटा भाऊ. फाउंड्रीवाल्यांचं जॉबवर्क, पिना, बुश, शाफ्ट असलं टर्निंग. आज शिरोली एमआयडीसीत चार सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीन आहेत, अकरा माणसं आहेत. मशीन कशी घेतली, कर्ज कसं फेडलं हे सगळेच सांगतात, मला जीएसटीच्या भानगडीत गेलेल्या त्या अडीच लाखांबद्दल लिहायचंय, कारण आपल्या लाईनीतली कितीतरी पोरं आजपण त्याच वाटेने चाललीत.

२०२० चा लॉकडाऊन उठला आणि स्टीलच्या बारचे, म्हणजे आमच्या कच्च्या मालाचे दर चढायला लागले. तेवढ्यात एक ट्रेडर आला, बाजारापेक्षा किलोला दोन रुपये कमी आणि बिल पक्कं, अठरा टक्क्यांचं. पाच गाड्या घेतल्या, दहा लाखांचा माल आणि वर एक लाख ऐंशी हजार जीएसटी. पैसे सगळे आरटीजीएसने दिले. माल वापरला, पार्ट बनून गेलेसुद्धा, क्रेडिट घेतलं, म्हणजे खरेदीवर दिलेला जीएसटी आमच्या भरायच्या टॅक्समधून वळता केला, आमच्या लेखी विषय संपला.

२०२२ मधे एका टेंडरसाठी सर्टिफिकेट हवं होतं म्हणून मिसेसनी पहिल्यांदाच जीएसटी पोर्टलवर लॉगिन केलं, तर नोटीसच्या वेगळ्या टॅबमधे एएसएमटी-१०, म्हणजे रिटर्नमधल्या तफावतीचा खुलासा मागणारी नोटीस पडलेली. उत्तराला तीस दिवस असतात, त्यातले पंचवीस गेलेले. आम्हाला मेसेज आला नाही कारण रजिस्ट्रेशनला मोबाईल आणि ईमेल दोन्ही रिटर्न भरून देणाऱ्याचे होते, आणि त्यानं नंबर कधीच बदलला होता. माझं सगळ्यांना कळकळीचं सांगणं आहे, आज घरी गेलात की आधी हे बघा, तिथं नंबर तुमचाच आहे का.

झालं होतं असं की त्या ट्रेडरने जीएसटीआर-वन, म्हणजे विक्रीच्या बिलांचं रिटर्न भरला होता म्हणून बिलं आम्हाला दिसत होती, पण ज्यात टॅक्स भरायचा असतो तो थ्री-बी भरलाच नाही, म्हणजे आम्ही दिलेला टॅक्स सरकारात गेलाच नाही. पुढे त्याचं रजिस्ट्रेशन मागच्या तारखेपासून रद्द झालं. जीएसटी कायद्याच्या कलम १६ प्रमाणे पुरवणाऱ्याने टॅक्स भरला नसेल तर घेणाऱ्याचं क्रेडिट जातं. मला हे तेव्हाही अन्यायाचं वाटलं, आजही वाटतं, पण कायदा तो आहे. जीएसटीच्या आधी व्हॅटच्या काळात हवाला डीलरांची, म्हणजे माल न देता नुसती बिलं देणाऱ्यांची यादी खात्याच्या साइटवर लागायची तेव्हा आम्ही म्हणायचो, आपण कशाला बघायची, आपण तर खरा माल घेतो.

खरा माल घेतला हे दाखवायची वेळ आली तेव्हा भावाने दोन दिवस जुन्या फायली उपसल्या. पाचही गाड्यांचे ई-वे बिल, बँक स्टेटमेंट, आणि एका डिझेलच्या पावतीला टाचलेल्या, तेलाचे डाग पडलेल्या, वजनकाट्यावरच्या चार काटा पावत्या. त्यावर गाडी नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन, वेळ, सगळं होतं. त्यामुळे नुसतं बिल घेतलं असं कोणी म्हणू शकलं नाही, नाहीतर फसवणुकीचं कलम ७४ लागून टॅक्सएवढाच दंड बसला असता. शो-कॉज नोटीस आल्यावर तीस दिवसांच्या आत टॅक्स आणि अठरा टक्क्यांनी व्याज भरलं, दंड वाचला. तरी अडीच लाखांच्या आसपास गेले, त्या महिन्यात पगार आठ दिवस उशिरा झाले आणि एकाही कामगाराने तोंडातून शब्द काढला नाही, हे मी विसरणार नाही.

पुढच्याच वर्षी ईमेलवर जीएसटी खात्याचं म्हणून समन्स आलं, अशोकस्तंभ, शिक्का, सही सगळं, आणि मागोमाग फोन, साहेब हिंदीत, आजच्या आज या खात्यावर भरा नाहीतर अटक. एकदा पोळलेला माणूस लगेच घाबरतो, माझे हात थरथरत होते. मिसेस म्हणाल्या थांबा, यावरचा डीआयएन टाकून बघते. डीआयएन म्हणजे खात्याच्या पत्रावरचा ओळख नंबर, सीबीआयसी या केंद्राच्या कर मंडळाच्या साइटवर तो पडताळता येतो, टाकला तर असा नंबरच नाही. आणि खात्याचा पैसा जीएसटी पोर्टलवर चलन काढून भरायचा असतो, कुठल्या माणसाच्या खात्यावर किंवा त्याच्या यूपीआयवर कधीच नाही. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला तक्रार केली.

आमच्या एका ऑपरेटरला तर कोणीतरी आधार, पॅन आणि घरचं लाईट बिल द्यायचे पाच हजार देतो म्हणाला होता. त्याच्या नावावर बोगस फर्म काढली असती आणि पोरगं आयुष्यभर खेटे घालत बसलं असतं. त्याने आधी येऊन विचारलं हे बरं झालं.

आता दर महिन्याच्या चौदा तारखेला टू-बी, म्हणजे सप्लायरांनी दाखवलेल्या बिलांचा तक्ता पोर्टलवर आला की मिसेस स्वतः एकेक बिल मॅच करतात, वीस तारखेच्या थ्री-बीच्या आधी. नवीन सप्लायर असेल तर जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून आधीचे रिटर्न वेळेवर भरलेत का बघतो, मालाचे पैसे लगेच देतो, टॅक्सची रक्कम बिल टू-बीत दिसल्यावर आणि त्याचा थ्री-बी भरल्याचं पोर्टलवर दिसल्यावरच. काटा पावती ड्रायव्हरकडून मी स्वतः घेतो आणि बिलालाच टाचतो.

परवा एक जण आला होता, म्हणाला बाजारात टॅक्स असा कोण थांबवून ठेवतंय हो. त्याचा दर किलोला दीड रुपया कमी होता. चहा पाजला आणि माल नाही घेतला.