ओल्ड गोवा: सांता मोनिका कॉन्व्हेंट आणि ख्रिश्चन आर्ट म्युझियम, जाणाऱ्यांसाठी थोडं

ओल्ड गोव्याला जाणारे बहुतेक जण बॉम जीझस चर्चमध्ये सेंट झेवियरची शवपेटी बघतात, रस्ता ओलांडून से कॅथेड्रल करतात, फोटो काढतात आणि परत बीचवर. पण तिथून पश्चिमेला चढ चढून गेलं की होली हिल नावाची टेकडी आहे आणि त्यावर सांता मोनिका कॉन्व्हेंट, आणि त्या कॉन्व्हेंटच्या चर्चमध्ये ख्रिश्चन आर्ट म्युझियम. माझं स्पष्ट मत आहे की हे म्युझियम आधी करा आणि खालची चर्चेस नंतर. का ते पुढे येईलच.

पोचायचं सोपं आहे. पणजीच्या कदंबा स्टँडवरून ओल्ड गोव्याच्या बस सतत सुटतात, अंतर साधारण १० किलोमीटर. कोकण रेल्वेने येत असाल तर करमळी स्टेशन ओल्ड गोव्याच्या अगदी जवळ, मडगावला उतरून एवढं उलट यायची काही गरज नाही (फक्त तुमची गाडी करमळीला थांबते का ते बघून तिकीट काढा). बॉम जीझसपासून टेकडीवर चालत जाता येतं, चढ फार नाही पण दुपारचं ऊन डोक्यावर असेल तर जीव जातो, म्हणून सकाळीच जा, पाण्याची बाटली घ्या, आजी-आजोबा बरोबर असतील तर गाडी सरळ वरपर्यंत न्या.

आता कॉन्व्हेंटबद्दल. आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांनी १६०६ मध्ये काम सुरू केलं, १६२७ मध्ये पूर्ण झालं, १६३६ मध्ये आग लागली आणि लगेच पुढच्या वर्षी दुरुस्ती. तीन मजली, जांभ्या दगडाची प्रचंड इमारत, बाहेरून भिंतींना टेकू दिल्यासारखे दगडी धिरे. नन्ससाठीचं गोव्यातलं हे पहिलं कॉन्व्हेंट, पोर्तुगालच्या राजाचा आश्रय होता आणि श्रीमंत घरच्या मुली मोठमोठे हुंडे घेऊन इथे यायच्या, इतक्या की शहराच्या कौन्सिलने राजाकडे तक्रारी केल्या की सगळा पैसा आणि लग्नाच्या मुली या भिंतींआड चालल्यात. पुढे १८३० च्या दशकात पोर्तुगालने धार्मिक संघच बंद केले, नवीन नन घ्यायला बंदी, असलेल्यांना मरेपर्यंत राहू दिलं. शेवटची नन १८८५ मध्ये वारली. पन्नास वर्षं एक एक खोली रिकामी होत जाणं कसं असेल, तिथे उभं राहिल्यावर हे डोक्यातून जातच नाही. १९६४ पासून मातेर देई इन्स्टिट्यूट इथे आहे, म्हणजे सिस्टर्स अजूनही राहतात आणि शिकतात, त्यामुळे निवासाच्या भागात घुसू नका, दार उघडं दिसलं तरी.

चर्चचं दार बघा, ते समोर नाही, बाजूच्या भिंतीत आहे. बंदिस्त नन्सच्या चर्चमध्ये असंच असतं, कारण वेदीच्या समोरचं टोक नन्सचं, जाळीच्या आडून त्या मिसा (चर्चमधली मुख्य प्रार्थना) ऐकणार, बाहेरच्या लोकांनी बाजूने यायचं. एकदा हे कळलं की आत गेल्यावर जागेचा अर्थ लागतो.

म्युझियम मुळात १९९४ मध्ये राशोल गावातल्या सेमिनरीत (पाद्री घडवणारी शाळा) सुरू झालं, वारसा जपणारी संस्था इन्टॅक आणि लिस्बनचं गुलबेंकियन फाउंडेशन यांच्या मदतीने, २००२ मध्ये इथे आणलं आणि मग मोठं नूतनीकरण होऊन २०२२ मध्ये पुन्हा उघडलं. आता लाइटिंग आणि मांडणी खरंच छान आहे.

सगळ्यात जास्त वेळ हस्तिदंताला द्या. येशूच्या क्रूसावरच्या मूर्तीत खांद्याजवळ नीट बघा, बारीक सांधा दिसतो, कारण सुळ्याची रुंदी तेवढी नसते, मग दोन्ही हात वेगळे कोरून बसवायचे. आणि अंग किंचित एका बाजूला झुकलेलं असतं ना, तो सुळ्याचाच बाक आहे, कारागिराने तो लपवला नाही, शरीराच्या वळणात मुरवला. मग चेहरा बघा, पापण्या जड, डोळे लांबट, आणि एकदम वाटतं अरे हे तर आपल्याकडचंच काम! आणि ते आहेच. यातल्या कितीतरी वस्तू इथल्या हिंदू कारागिरांनी घडवलेल्या. १५६७ च्या गोव्यातल्या धर्मपरिषदेने हिंदूंकडून पूजेच्या वस्तू करून घ्यायला बंदी घातली होती, नंतरही पुन्हा बंदी घालावी लागली, म्हणजे काम त्यांच्याकडेच जात होतं हे उघड आहे, एवढा हात दुसऱ्या कोणाचा होता? संग्रहातला सेंट जॉन द बाप्टिस्ट शोधा, बायबलमध्ये त्याच्या अंगावर उंटाच्या केसांचं वस्त्र, इथे व्याघ्रचर्म, आपल्या शंकरासारखं. मला तर म्युझियममधली ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

दुसरी थांबायची जागा म्हणजे चांदीचा पेलिकन. १७ व्या शतकातला, मिसातली पवित्र भाकर त्यात ठेवायची नि लोकांना दाखवायची. पेलिकन स्वतःची छाती चोचीने फोडून पिल्लांना रक्त पाजतो अशी जुनी समजूत, म्हणून तो येशूच्या बलिदानाचं प्रतीक. एकदम जवळ जाऊन पिसं बघा, पत्रा ठोकून उठवलेलं एकेक पीस. प्रवासी मिशनऱ्यांचं मिसाचं सामान, म्हणजे जिथे जाल तिथे वेदी मांडायची सोय, तेही चुकवू नका. जरीचे झगे, चित्रं वगैरे मी भराभर बघितली, कापडात रस असणाऱ्यांनी मात्र नक्की थांबा.

तर आधी म्युझियम का, तर चर्चमध्ये हेच काम वीस-तीस फूट वर वेदीवर, सोन्याच्या झगमगाटात असतं आणि एकेक मूर्ती वेगळी दिसतच नाही. इथे ते डोळ्यांसमोर येतं. हे बघून मग बॉम जीझसच्या वेदीकडे बघा, फरक कळेल.

दीड तास तरी धरा. वेळ आणि सुट्टीचा वार म्युझियमच्या साइटवर बघून निघा. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे, फ्लॅश बंद. ३ डिसेंबरच्या फेस्तच्या (सेंट झेवियरच्या उत्सवाच्या) आसपास ओल्ड गोव्यात तुफान गर्दी असते, शांतपणे बघायचं असेल तर ते दिवस टाळा. शेजारचं वीपिंग क्रॉसचं चॅपलही बघा, १६३६ मध्ये या क्रूसावरच्या येशूने डोळे उघडले आणि जखमांतून रक्त आलं अशी श्रद्धा आहे, लोक प्रार्थनेला येतात, तेव्हा आवाज कमी ठेवा. आणि बेबिंका (थरांचा गोवन गोड पदार्थ) खाल्लीत तर लक्षात असू दे, ती पहिल्यांदा याच कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर बेबियानाने केली असं गोव्यात सांगतात.

बाहेर पडलं की समोरच सेंट ऑगस्टीनचा ४६ मीटरचा मोडका बुरुज आहे, १८४२ मध्ये चर्चचं छत कोसळलं आणि १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा बुरुज. जॉर्जियाच्या राणी केतेवानचे अवशेष इथेच सापडले, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेने डीएनए तपासून ओळख पटवली आणि २०२१ मध्ये भारताने ते जॉर्जियाला दिले. इथे सावली नावाला नाही, त्यामुळे म्युझियम दुपारी थंडाव्यात आणि हा बुरुज चारनंतर असंही करता येईल. वेळ उरला तर खाली व्हाइसरॉयच्या कमानीतून जाऊन दिवाडी बेटाची फेरीबोट पकडा.