तिथे मी गप्प बसले

अंध प्रेक्षकांसाठी चित्रपटाचं वर्णन करणं हे माझं काम. पडद्यावर दिसतं ते संवादांच्या मधल्या फटींत, मोजक्या शब्दांत सांगायचं. लोकांना वाटतं, फार बोलावं लागत असेल. खरा वेळ जातो तो लिहिलेलं खोडण्यात. 'तो खिन्न आहे' असं म्हणायचं नाही. 'खांदे पाडून बसतो' म्हणायचं. खिन्न आहे की दमलाय ते ऐकणारा ठरवील. त्यात मराठीत क्रियापद शेवटी. 'शिपाई मागून येऊन म्हाताऱ्याला ढकलतो' हे म्हणून होईतो म्हातारा पडून उठलेलाही असतो. म्हणून मी 'ढकलतो शिपाई म्हाताऱ्याला' असं उलटं लिहिते. कानाला आधी खटकतं, पण धक्का आवाजाबरोबर पोचतो, आणि मला तेच हवं असतं.

एका संस्थेला लोककथांवर कार्यक्रम करायचा होता. अ‍ॅनिमेशनपट हवा म्हणाले. 'क्रिसार्झ' मीच सुचवला. यिर्झी बार्टा या चेक दिग्दर्शकाने प्रागच्या यिर्झी त्रन्का स्टुडिओत १९८६ साली केलेला त्रेपन्न मिनिटांचा बाहुलीपट. गोष्ट जर्मनीतल्या हॅमेलिन गावच्या पुंगीवाल्याचीच: तो गावातले उंदीर घालवतो आणि ठरलेली मजुरी बुडवली म्हणून सूड घेतो. पण यात मुलं डोंगरात नेली जात नाहीत. पैशासाठी हपापलेले गावकरीच उंदीर होतात आणि पाण्यात जातात. मागे उरतात एक म्हातारा कोळी आणि एक तान्हं मूल. चित्रपट गडद आहे, मोठ्यांसाठी आहे, हे मी संस्थेला लेखी कळवलं होतं.

अडचण नावापासूनच सुरू झाली. 'पुंगीवाला' म्हटलं की आपल्या कानात गारुड्याची पुंगी वाजते, आणि चित्रपटात वाजतं ते काही भलतंच. ऐकणारा तिथेच चकतो. मूळ चेक नावात वाद्य नाहीच. 'क्रिसा' म्हणजे घूस, आणि 'क्रिसार्झ' म्हणजे घुशी पकडणारा. बार्टाने लाकडी बाहुल्यांबरोबर खरी जनावरं वापरली आहेत, आणि त्या घुशीच आहेत. तरी गोष्टीत आपण पिढ्यान्‌पिढ्या उंदीरच म्हणत आलो. दोन दिवस घालवून मी 'उंदीर' ठेवला आणि पहिल्यांदा ते दिसतात तिथे 'घुशीएवढे' जोडलं.

दुसरी अडचण मोठी. यातली माणसं कुठलीच भाषा बोलत नाहीत. जर्मनसारखी वाटणारी, पण निरर्थक पुटपुट. अर्थ नाही, मग त्यावर बोलायला काय हरकत, असं मला वाटलं, आणि बाजाराचा प्रसंग मी वर्णनाने गच्च भरला.

तालमीला मी नेहमी एका काकांना बोलावते. जन्मापासून अंध, बँकेत तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर. दोन मिनिटांत त्यांनी हात वर केला. "अगं, थांब. एकजण भाव वाढवतोय, दुसरा पाडून मागतोय, हे मला ऐकू येतंय. तू त्यावर कशाला बोलतेस? दुकान कशाचं तेवढं सांग नि गप्प बस."

मी सात वाक्यं काढली, एक ठेवलं. बाजार एकदम उभा राहिला. त्या पानाचा मला अजून अभिमान आहे.

बाहुल्या अक्रोडाच्या लाकडाच्या आहेत. ते हाताला कळावं म्हणून घरातली काश्मिरी नक्षीची पेटी नेली आणि पिशवीभर अक्रोड. बार्टाच्या हॅमेलिनमधली घरं तिरपी, एकमेकांवर कलंडलेली आहेत. त्यासाठी पुठ्ठ्याची खोकी दाबून वेडीवाकडी केली. चित्रपटाआधी वीस मिनिटं हे सगळं हातोहात फिरवायचं असतं. आयोजक हा वेळ नेहमी भाषणांना देतात. या वेळी मी भांडून घेतला.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉलमध्ये शिरले तर पुढच्या तीन रांगांत अंध शाळेची सातवीची मुलं. संस्थेच्या माणसाला बाजूला घेतलं. तो म्हणाला, "अहो, बाहुल्यांचाच आहे ना? गोष्ट सगळ्यांना माहीत आहे." त्याने चित्रपट पाहिला नव्हता. अ‍ॅनिमेशन म्हणजे मुलांचं, ही समजूत इतकी घट्ट आहे की लेखी कळवून उपयोग होत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं. शाळेच्या बाईंना सांगितलं. त्या घाबरल्या, पण बस पाचला येणार होती. "ताई, तुम्ही सांभाळून घ्या," म्हणाल्या.

मुलं मात्र आनंदात होती. अक्रोड कानाशी हलवून बघत होती. मी त्यांना खऱ्या हॅमेलिनबद्दल सांगितलं: १२८४ साली एकशेतीस मुलं नाहीशी झाल्याची जुनी नोंद आहे, त्या नोंदीत उंदीर नाहीतच, ते गोष्टीत सोळाव्या शतकात आले, आणि त्या गावातल्या एका गल्लीत आजही वाद्य वाजवत नाहीत. "लग्नाची वरातसुद्धा गप्प जाते?" एकाने विचारलं. हो म्हटलं. हे त्यांना फार आवडलं.

या चित्रपटात अग्नेस नावाची मुलगी आहे. गावातली माणसं तिच्या घरात शिरतात, तिच्यावर बलात्कार करतात आणि तिला मारून टाकतात. माझ्या कागदावर या जागेसाठी चार वाक्यं होती. वेगळे हेडफोन नव्हते, माझा आवाज हॉलच्या स्पीकरवरून सगळ्यांना सारखाच जात होता. शिक्षक डोळस मुलांचे डोळे झाकू शकतात. इथे काय झाकायचं ते माझ्या तोंडी होतं. मी पहिलं वाक्य म्हटलं, 'माणसं अग्नेसच्या घरात शिरतात', आणि माइक बंद केला. पुढचा प्रसंग लागल्यावर चालू केला.

मागच्या रांगांत मोठी माणसं होती. पूर्ण चित्रपट ऐकायला आलेली, काही दोन-दोन तास प्रवास करून. त्यांच्यासाठी पुंगीवाल्याचा शेवटचा सूड निव्वळ बुडवलेल्या मजुरीचा झाला, अग्नेसचा उरलाच नाही. बार्टाची गोष्ट मी बदलली होती, आणि ती बदलली आहे हे कळायला त्यांच्याकडे काही मार्ग नव्हता.

मुलांची रांग लागत होती तेव्हा एक मुलगी पेटीपाशी थांबली. नक्षीवरून बोट फिरवत म्हणाली, "ताई, अग्नेसच्या घरात गेली ती बाजारात घासाघीस करणारीच माणसं ना?"

"हो."

"मग तुम्ही बोलायच्या थांबलात. माइकचा टक्‌ आवाज आला." जरा थांबून म्हणाली, "तिला मारलं का?"

"हो. मारलं."

"आणि त्याच्या आधी?"

बाईंनी हाक मारली. मी तिचा हात पुढच्या मुलाच्या खांद्यावर ठेवून दिला.

काकांचा रात्री फोन आला. "बाजारात गप्प बस असं मी म्हणालो होतो. इथे नव्हतो म्हणालो." मी म्हटलं, मुलं होती. ते म्हणाले, "मग आधी माइकवर सांगायचंस. ज्यांना बाहेर जायचंय ते गेले असते." पण अनोळखी हॉलमधून चाळीस अंध मुलं कुठे आणि कोणाबरोबर गेली असती, याचं उत्तर त्यांच्याकडेही नव्हतं.

मार्च २०२४ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने चित्रपटगृहांसाठी सुलभतेची मार्गदर्शक तत्त्वं काढली, वर्णनाची सोय त्यात आली. याची आम्ही किती वर्षं वाट पाहिली होती! पण हॉलमध्ये माइक धरून बसलेल्या बाईने काय गाळलं ते बघणारं कोणी नसतं. त्या दिवशी फक्त एका सातवीतल्या मुलीने पकडलं.

पुन्हा एक खेळ ठरला आहे, या वेळी फक्त प्रौढांसाठी. ती चार वाक्यं मी परत लिहायला घेतली आहेत. 'बलात्कार' हा शब्द म्हणायचा की पडद्यावर दिसतं तेवढंच सांगायचं, यावर अडले आहे. दिसतं तेवढंच सांगणं हा आमचा नियम, पण इथे त्या नियमाच्या आड लपायला मी परत जागा शोधते आहे की काय, असं वाटत राहतं. काका म्हणतात, शब्द म्हण.

शाळेला पत्र लिहून त्या मुलीला भेटायची परवानगी मागितली आहे, बाईंच्या समोर. अजून उत्तर आलेलं नाही.