झिंज्या नव्हत्याच त्या, कुरळे केस होते

माझे केस कुरळे आहेत हे मला तिशीला आल्यावर कळलं, हसू नका. घरात त्यांना झिंज्याच म्हणायचे. शाळेत असेपर्यंत आई तेल चोपडून दोन घट्ट वेण्या घालायची म्हणून प्रश्न आला नाही, पण कॉलेजात केस मोकळे सोडायला लागले आणि रोज सकाळी कोरड्या केसांतून ब्रश फिरवला की दहा मिनिटांत डोक्याचा झाडू.

मग 2019 च्या डिसेंबरात चुलतभावाच्या लग्नासाठी स्मूदनिंग केलं, म्हणजे पार्लरमधे केमिकल लावून केस सरळ करून घेतले. साडेचार हजार गेले, पण तीन महिने काय भाव खाल्ला मी! नंतर लॉकडाऊन लागलं, पार्लरं बंद, आणि मुळाशी परत कुरळे केस यायला लागले. यायचेच ना, ते केमिकल बाहेर आलेल्या केसाच्या आतले बंध तोडून त्याला सरळ करतं, कातडीखाली जो केस तयार होतोय त्याला कुठे काय माहीत. केस महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतात, म्हणजे वर्षभरानंतर वरचे सहा इंच नागमोडी आणि खाली घोड्याची शेपटी लटकतेय असा अवतार.

म्हटलं कापूनच टाकू. पहिल्या पार्लरमधे सरळ यू कट मारला, सगळे केस एका लांबीचे, त्यामुळे वर चपट आणि कानाखाली तंबू. दुसरीने केस ओले करून, ताणून, खांद्यापर्यंत कापले. ओले होते तोवर बरोबर खांद्यापर्यंतच होते हो, वाळल्यावर कुरळे केस वर सरकतात आणि ते थेट हनुवटीला आले. तिसरीकडे तर ‘पातळ करून देते’ म्हणून वस्तरा फिरवला, टोकं अशी पिंजली गेली की त्याच्याबद्दल न बोललेलंच बरं.

चौथी ताई भेटली ऑफिसातल्या मैत्रिणीमुळे. फोनवरच तिने सांगितलं की धुवून, पूर्ण वाळवून ये, आणि येताना विंचरू नकोस. मी तशीच झिंज्या घेऊन रिक्षात बसले, लाज वाटत होती. तिने पाणी मारलंच नाही. एक बट उचलायची, थोडी खाली ओढून सोडून द्यायची, ती कुठे जाऊन थांबते ते बघायचं आणि मग कात्रीने एवढंसं टोक. परत दुसरी बट. दीड तास! स्मूदनिंगचं उरलंसुरलं सगळं गेलं, आणि वरच्या बाजूला थोडे लेयर दिल्यामुळे तंबूही गेला.

तिथून खरी शिकवणी सुरू झाली. आता विंचरायचं ते फक्त न्हाताना, कंडिशनर लावलेलं असताना, मोठ्या दातांच्या फणीने आणि खालून वर. टॉवेलने खसाखसा पुसणं बंद, भावाचा जुना सुती टीशर्ट घेऊन नुसतं दाबायचं. आमच्याकडे बोअरचं पाणी, बादलीवर पांढरा थर चढतो, तोच केसांवर पण बसत असणार म्हणून शेवटचे दोन तांबे फिल्टरच्या पाण्याचे. आईला ही उधळपट्टी वाटते.

आणि जवसाचं जेल. दोन मोठे चमचे जवस, दोन कप पाणी, ढवळत उकळायचं, कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागासारखी तार सुटली की गॅस बंद. पहिल्यांदा मी ते गार होऊ दिलं, मग गाळणीतून काही केल्या खाली उतरेना, शेवटी ओढणीच्या तुकड्यात घालून पिळत बसले तर अर्धं ओट्यावर आणि अर्धं कोपरापर्यंत. गरम असतानाच गाळायचं हे तेव्हा कळलं. फ्रीजमधे आठवडाभर टिकतं, बाहेर विसरलात तर दोन दिवसांत असा वास मारतं की विचारू नका. ओल्या केसांना लावून मुठीत चुरगाळत वर न्यायचं आणि वाळेपर्यंत हात लावायचा नाही. वाळल्यावर केस पापडासारखे कडक लागतात, घाबरायचं नाही, थेंबभर खोबरेल तळव्याला चोळून परत चुरगाळलं की मऊ सुटतात.

पावसाळ्यात अजूनही फुगतातच. जुलै-ऑगस्टमधे सरळ अंबाडा घालते. आणि मागच्या आठवड्यात आई जवसाची चटणी करायला गेली तर डबा रिकामा, त्यावरून जे ऐकून घेतलंय ते वेगळंच.